खंदकातले बाबा

दादा,

काल तुझ्या तेराव्याला पंडितजींनी विचारलं, "बहन कौन हैं इनकी?" आणि मी हात वर केला. शाळेत हजेरीला करतात तसा. तुझा निखिल माझ्याकडे बघतच राहिला. मलाही तो हात कुणा दुसऱ्याचा वाटला.

सगळं नीट पार पडलं. पुऱ्या गरम होत्या, इमरती पुरल्या, खुर्च्या कमी पडल्या नाहीत. मानक नगरच्या ऑफिसातले तुझे जुने सहकारी आले होते. "साहब सख़्त थे, मगर दिल के साफ़," असं एकाने म्हटलं आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. मी सगळ्यांना "और लीजिए न" करत फिरत होते. एका बाईंनी माझा हात धरला, त्यांना वाटलं मी आता कोसळणार. मी त्यांना रायता वाढला.

मला रडू आलेलं नाही, दादा. स्मशानातून पुरुष परत आले तेव्हा नाही, तुझा चष्मा वहिनीने माझ्या हातात दिला तेव्हाही नाही. श्रीकांत म्हणाले, "रडून घे, बरं वाटेल." डोकेदुखीवर गोळी सुचवावी तसं. मी प्रयत्नही केला. न्हाणीघरात नळ सोडून उभी राहिले. पाणी वाहून गेलं, एवढंच. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला राहत नाही, हात लावला तर कळतं की काहीतरी आहे पण ते आपलं नाही, तशी मी सगळीच झाले आहे.

आणि तरी लिहायला बसले. कारण आपलं भांडण राहिलंय. नाहीतर मी तुला कधी काही लिहिलं असतं का? आपण एकाच शहरात राहून फोनवर मटारचा भाव बोलणारी माणसं.

भांडण तेच, पठाणकोटचं.

मी पाच वर्षांची, तू अकरा. बाबा रेल्वेत होते, स्टेशनजवळच्या कॉलनीत आपलं क्वार्टर. एकाहत्तरची लढाई सुरू झाली ती संध्याकाळ. त्या दिवसांबद्दल मला फार थोडं आठवतं. खिडक्यांना चिकटवलेला काळा कागद. शिट्टी फुंकत फिरणारा एक माणूस आणि त्याचं "बत्ती बंद करो ओए!" क्वार्टरसमोरच्या मैदानात खणलेला वाकडा खंदक, ज्यात आम्ही दिवसा घर-घर खेळायचो. दातांत धरायचा रुमाल, का धरायचा ते मला ठाऊक नव्हतं. आणि मग तो अंधार, ती थंडी, वरून जाणारा आवाज. मी बाबांच्या मांडीवर बसले आहे. त्यांच्या कोटाच्या आत. काळा, जाड, रेल्वेचा कोट, त्याला सिगरेटचा आणि कोळशाचा वास. ते माझं डोकं तळव्याने खाली दाबून धरतात. माझ्या बोटांवर फुंकर घालतात. म्हणतात, "आलो ना मी. बघ, आलो."

एवढंच. पण एवढ्यावर मी आयुष्य काढलं.

कारण तुलाही माहीत आहे, बाबा तसे नव्हते. त्यांनी मारलं नाही कधी, पण जवळही घेतलं नाही. घरात आले की आपण आतल्या खोलीत. माझ्या लग्नात पाठवणीच्या वेळी ते सामानाच्या टेम्पोवाल्याशी बोलत होते. श्रीकांतना मी लग्नानंतरच्या सुरुवातीच्या दिवसांत सांगितलं होतं, "आमचे बाबा बोलत नाहीत, पण लढाईत त्यांनी मला कोटात घेतलं होतं." माझ्याजवळ बाबांची एवढीच एक गोष्ट होती. मी ती सगळ्यांना सांगायचे. दिवाळीला तुझ्याकडे जमलो की सांगायचे. आणि प्रत्येक वेळी तू ताटातून डोकं वर न काढता म्हणायचास, "बाबा नव्हते तिथे."

"होते."

"ते स्टेशनवर होते, बेबी."

"तू झोपला असशील."

"मी अकरा वर्षांचा होतो. तू पाच."

मग वहिनी श्रीखंडाचा डबा मध्ये आणायची आणि विषय तिथेच संपायचा. दरवर्षी. मला तुझा राग यायचा. तू तसाच होतास ना, सगळ्यांच्या चुका काढणारा. माझ्या लग्नात भटजींना घड्याळ दाखवून मुहूर्त टळतोय म्हणून सांगणारा. डॉक्टरने रिपोर्टात लिहिलेलं तुझं वय दुरुस्त करून घेतल्याशिवाय बाहेर न पडणारा. मी म्हणायचे, या माणसाला एक आठवणही जशी आहे तशी सोडवत नाही.

यंदा उन्हाळ्यात शहरात सायरनचा सराव झाला. संध्याकाळी दिवे बंद करायला सांगितले होते. अलीगंजमध्ये आमच्या गल्लीत पोरं गच्चीवर जाऊन मोबाइलवर व्हिडिओ काढत होती. मी स्वयंपाकघरात होते. भोंगा वाजला आणि मी गॅस बंद केला. तुला फोन केला. तू पहिल्या रिंगला उचललास. काही बोलला नाहीस. मीही नाही. भोंगा थांबेपर्यंत आपण दोघं नुसते फोन धरून होतो, तू सरोजिनी नगरमध्ये, मी इथे. मग तू म्हणालास, "हां. झालं," आणि ठेवलास.

त्यानंतरच मी मागे लागले की छावणीतलं युद्धाचं संग्रहालय बघायला जाऊ. मला वाटलं, तिथे ते सगळं मांडलेलं असेल, आपण बघू, आठवेल. मला आणखी आठवायला हवं होतं. एका मांडीवर आणि एका कोटावर किती दिवस काढायचे? तू "देखेंगे, देखेंगे" करत टाळत राहिलास. उन्हाळा गेला, पाऊस गेला. थंडी पडल्यावर एका शनिवारी तूच गाडी घेऊन दारात आलास. "चल. आधार कार्ड घे, गेटवर मागतात."

बाहेर हिरवळीवर रणगाडा होता, रंग दिलेला, नवाच वाटणारा. तू त्याच्याभोवती एक फेरी मारलीस, पट्ट्याखाली वाकून बघितलंस, काहीतरी पुटपुटलास. आत गणवेश, पदकं, बंदुका, काचेमागे एका जवानाचा डबा. एका पाटीवर काहीतरी चुकीचं लिहिलंय असं तू तिथल्या जवानाला सांगायला गेलास. तो बिचारा "जी सर, जी सर" करत राहिला. मी मनात म्हटलं, सुरू झाला.

शेवटच्या दालनात खंदक केला होता. वाळूची पोती, त्यांच्या मध्ये खोल वाट, बसायला लाकडी फळी. भिंतीवर लाल बटण, दाबलं की सायरन. मला हसू आलं, इतका स्वच्छ खंदक. पाय दुखत होते म्हणून मी फळीवर बसले. तू उभाच राहिलास, मग बसलास. तेवढ्यात एका शाळेची मुलं आत घुसली आणि त्यांच्यातल्या एकीने बटण दाबलं.

दादा, तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास आणि खाली दाबलंस.

जोरात. माझा चष्मा नाकावरून घसरला. तू म्हणालास, "बेबी, खाली." सायरन थांबला, मुलं हसली, दुसऱ्याने पुन्हा दाबलं, पुन्हा हसली. तू आपल्या हाताकडे बघितलंस आणि तो मांडीवर परत नेऊन ठेवलास.

"सवय," तू म्हणालास.

"कसली सवय? इतक्या वर्षांनी?"

 तू म्हणालास, "तू कुठे बसली होतीस सांग."

"बाबांच्या मांडीवर. आता इथे सुरू नको करूस."

"बाबा स्टेशनवर होते. सैन्याच्या गाड्या येत होत्या. ते दोन दिवस घरी आलेच नाहीत. आईने आपल्याला पुढे पाठवलं आणि ती शेगडी विझवायला मागे राहिली. मग बाहेर पडता येईना, तिथेच खाटेखाली राहिली ती. शेजारचे आधीच गावी गेले होते. खंदकात आपण दोघंच होतो."

"मग मला धरलं कुणी?"

हे मी तुला कधी विचारलंच नव्हतं. इतक्या दिवाळ्या गेल्या. मी नेहमी 'बाबाच होते' म्हणून थांबायचे.

तू पोत्यांकडे बघत म्हणालास, "मी."

मला आधी नीट ऐकू आलं नाही. तू पुढे बोलत गेलास, तुझ्या नेहमीच्या आवाजात, रिपोर्ट वाचावा तसा. "माझा स्वेटर धुतलेला होता, ओला. आईने बाबांचा कोट घालायला लावला. तू 'बाबा, बाबा' करून रडत होतीस, थांबतच नव्हतीस. वरून विमान जात होतं. मला वाटलं, विमानाला ऐकू जाईल. मग मी आवाज जाड केला. म्हटलं, आलो ना मी. तू एकदम गप्प झालीस. मग मला ते बदलता येईना."

"वास बाबांचा होता," मी म्हणाले.

"कोट बाबांचा होता."

"अकरा वर्षांच्या मुलाच्या मांडीवर मी मावले असते?"

"तू काडी होतीस, बेबी."

मग मी चिडले. मला आठवतंय मी काय काय बोलले आणि आता ते कागदावर उतरवायचं नाही. एवढंच लिहिते की मी म्हणाले, "तुला काय मिळतं रे हे करून?" आवाज चढला असेल, कारण शाळेच्या मॅडम आत आल्या, "अंकल, सब ठीक है न?" तू म्हणालास, "जी, बिल्कुल." त्या मुलांना घेऊन गेल्या. दालन रिकामं झालं.

"इतकी वर्षं सांगितलं का नाहीस मग?"

"आधी लाज वाटायची. बाबा परत आले त्या दिवशी तू धावत जाऊन त्यांच्या पायाला मिठी मारलीस. त्यांना कळेना काय झालं. मी काय सांगणार, मी बाबा झालो होतो म्हणून? आणि नंतर..." तू चष्मा काढून पुसलास. "दवाखान्यात तू त्यांना सांगितलंस ना शेवटी, 'त्या संध्याकाळी तुम्ही मला कोटात घेतलं होतं, मी विसरले नाही.' मी दारात उभा होतो. तुला त्यांचा चेहरा दिसला नाही, तू त्यांच्या हाताकडे बघत होतीस. मला दिसला. खूश होते ते. न केलेल्या गोष्टीसाठी का होईना, पण खूश होते. त्यानंतर कसं सांगायचं?"

"मग आज का सांगितलंस?"

तू खांदे उडवलेस. "हात गेला ना डोक्यावर."

बाहेर आल्यावर आपण कॅन्टीनमध्ये चहा घेतला. लोणी लावलेला पाव, बंद मक्खन, तोही घेतलास तू, अर्धा माझ्याकडे सरकवलास. मी खाल्ला नाही. परतताना हजरतगंजच्या गर्दीत गाडी अडकली होती आणि आपण दोघंही समोरच्या ऑटोमागचा शेर वाचत होतो, पुन्हा पुन्हा. अलीगंजला उतरले तेव्हा म्हणाले, "वर ये, चहा घे." तू म्हणालास, "गाडी लावायला जागा नाही." जागा होती. दोन गाड्या मावतील एवढी.

पाच-सहा दिवस मी फोन केला नाही. घरात सगळं करत होते, पण डोक्यात तेच. मी आरशासमोर बसून माझ्याच डोक्यावर हात ठेवून बघितला. काय कळणार त्यातून! मला सारखं वाटत होतं की दादाने माझ्या घरात शिरून एक वस्तू उचलून नेली आणि वर पावती दिली.

मग तूच केलास. आधी मेथीचं बोललास, छान आली आहे, आणू का. मी म्हणाले, इथेही मिळते. मग तू घसा खाकरलास.

"बेबी, मी विचार केला. तुझंच बरोबर असेल. बाबाच असतील. मीही लहानच होतो, माझ्या डोक्यात घोळ झाला असेल."

"मी तेच म्हणत होते ना," मी म्हणाले.

"हां. तेच."

कुकरची शिट्टी झाली आणि मी फोन ठेवला. दादा, मला बरं वाटलं होतं. मी श्रीकांतना सांगितलं, बघा, शेवटी मान्य केलं. दुपारी झोपही छान लागली.

त्यानंतर आपलं बोलणं झालं नाही. काही कारण नव्हतं, नुसतं झालं नाही. मग वहिनीचा फोन आला. सकाळी दाढी करताना म्हणे तू नुसता खुर्चीत बसलास आणि उठलाच नाहीस. रिक्षातून तुझ्याकडे येताना मी एका दुकानाच्या पाटीवरची स्पेलिंगची चूक बघितली आणि मनात आलं, दादाला सांगायला हवं.

आज सकाळची गोष्ट. पाहुणे गेले होते. वहिनी आणि मी बाल्कनीत उन्हात बसून मटार सोलत होतो. तेरा दिवस बाईला कुणी टेकू दिलं नव्हतं, ती आज पहिल्यांदा जरा सैल बसली होती. सोलता सोलता म्हणाली, "बेबीताई, तुम्हाला सांगू का नको कळत नव्हतं. त्या संग्रहालयातून आले त्या दिवशी हे जेवलेच नाहीत. म्हणाले, मी आज बेबीचे बाबा काढून घेतले."

मी शेंग सोलत राहिले.

"मग त्यांनी तुम्हाला फोन केला ना, माझ्यासमोरच केला. ठेवल्यावर मी म्हटलं, अहो, खोटं कशाला बोललात? मला सगळं सांगितलंत आणि तिला उलटं? तर म्हणाले, असू दे, तिला बाबा लागतात. माझं काय, मी आहेच की."

दादा, चूक कबूल करणं हे तुझ्या स्वभावातच नव्हतं. ज्या माणसाने भटजीला, डॉक्टरला, सैन्याच्या जवानाला सोडलं नाही, तो फोनवर म्हणतो, "माझ्या डोक्यात घोळ झाला असेल." तेव्हाच मला कळायला हवं होतं. तुझा घोळ कधी होत नसे. तू खंदकात जे केलंस तेच पुन्हा केलंस, आवाज बदललास, आणि मी पुन्हा गप्प झाले. पाच वर्षांची होते तेव्हा झाले ते ठीक. साठाव्या वर्षीही तसंच फसले.

तर मी मान्य करते. तू होतास. बाबा स्टेशनवर होते आणि त्यांनी मला कधीच मांडीवर घेतलं नाही. हे लिहिताना फार काही तुटेल असं वाटलं होतं. तुटलं नाही. बाबा जिथे होते तिथेच आहेत, थोडे लांब, टेम्पोवाल्याशी बोलत. मला त्यांचा राग येत नाही. दवाखान्यात ते खूश झाले हे तू मला सांगितलंस, तेवढं मी ठेवून घेते.

आम्ही हे बोलत होतो तेव्हा निखिल चहाचे कप घेऊन आला होता. मराठी त्याला कळतं सगळं, बोलतो हिंदीतच. "आत्या, कौन सा कोट?" त्याने विचारलं. मी त्याला सांगितलं. पहिल्यांदाच ती गोष्ट बरोबर सांगितली, सायरनपासून सगळी. "तुम्हारे पापा ने मुझे गोद में लिया," मी म्हणाले. ते वाक्य मला जमलं, आवाजही हलला नाही.

तो म्हणाला, "पापा ने कभी बताया ही नहीं." मग बराच वेळ कपाच्या कानावर बोट फिरवत बसला. तुझीच सवय. आणि मग म्हणाला, "आत्या, पापा भी तो बच्चे थे. तब पापा को किसने पकड़ा था?"

वहिनीचा हात थांबला. 

मला हे कधी सुचलंच नाही, दादा. तो कोट तुला घोट्यापर्यंत आला असेल. बाह्यांतून तुझे हात बाहेर येत नसतील. वरून विमानं जात होती, घरात आईचं काय झालं तुला ठाऊक नव्हतं, आणि मी, बाबा आले म्हणून, तुझ्या मांडीवर निवांत झोपून गेले. तू जागा होतास. तुझ्याजवळ कुणी नव्हतं. बाबासुद्धा नाहीत, कारण ते तू मला देऊन टाकले होतेस.